पाहुण्यांच्या हाती चावी कोणी द्यायची?

प्रश्न: सर, आमचं घर देवबागला. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची माडांची वाडी. वडिलांनी बांधलेल्या घराला लागून मी चार खोल्या काढल्या आणि पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेत माझ्या नावाने नोंदवल्या. माझा नवरा इंग्लंडचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो पाच वर्षांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर येतो-जातो. हंगामात कोकणकन्येने येणाऱ्या पाहुण्यांना तो कुडाळ स्टेशनवरून घेऊन येतो, खोल्या दाखवतो, चाव्या देतो, परदेशी पाहुण्यांच्या मेसेजना उत्तरं देतो. सकाळी पाव भाजतो. वडिलांना तो पाव फार आवडतो, आता पाहुणेही मागून घेतात. बुकिंगच्या वेबसाइटवरचं खातं त्यानेच उघडलं, पैसे त्याच्या तिकडच्या बँकेत जमा होतात आणि तो मला पाठवतो. पगार म्हणून मी त्याला एक रुपयाही देत नाही. मागच्या महिन्यात बांधावरून शेजाऱ्यांशी वाद झाला, तेव्हा ते म्हणाले, ‘तुझ्या गोऱ्याची ओरोसला जिल्हा पोलिसांत तक्रार करतो.’ घरच्या माणसाने घरात हात लावला तर तो गुन्हा कसा? आम्ही आता काय करावं?
— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर: ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारण तुम्ही काळजीत आहात. तुमचा नवरा आज जे करतो, त्यातलं बरंचसं टुरिस्ट व्हिसावर चालत नाही. पगार घेत नाही म्हणून ते चालतं असंही नाही. हे सगळं नीट करता येण्यासारखं आहे, पण शेजाऱ्याची तक्रार ओरोसला पोचण्याआधी.

मी पोलिस खात्यात होतो. नोकरीची शेवटची अकरा वर्षं एका किनारी जिल्ह्यात परकीय नागरिकांच्या टेबलावर काढली. लॉज, होमस्टे, झोपड्या, सगळीकडून सी फॉर्म, म्हणजे उतरलेल्या परदेशी पाहुण्याच्या माहितीचे कागद, माझ्यापुढे यायचे. पुढे ते ऑनलाइन झाले, पण सुरुवातीला कागदच असायचे; कुणावर चहाचा डाग, कुणावर मसाल्याची पिवळी बोटं. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत ही माहिती द्यावी लागते. हॉटेलवाल्यालाच नव्हे, ज्याच्या घरी तो उतरला त्यालाही. तुमचा नवरा इंग्लंडहून येतो तेव्हा त्याचीही माहिती तुम्हीच भरायची आहे. भरत असाल असं धरतो. नसाल तर आजच सुरू करा. त्या फॉर्ममध्ये एक छोटा रकाना असतो: ही व्यक्ती भारतात नोकरीला आहे का, हो की नाही. तिथे तुम्ही ‘नाही’ लिहिता. आणि त्याच घराच्या वेबसाइटवर पाहुणे लिहून जातात की अमुकने आम्हाला स्टेशनवर घ्यायला येऊन फार छान व्यवस्था ठेवली. टेबलावरचा माणूस पगाराची पावती शोधत बसत नाही. तो हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवतो.

तुम्ही विचारता, घरची मदत हा गुन्हा कसा. टुरिस्ट व्हिसावर काय करता येतं, हे ठरलेलं आहे: फिरणं, नातेवाईक आणि मित्रांना भेटणं, योगाचा किंवा स्वयंपाकाचा छोटा वर्ग करणं, अशी ती यादी आहे. पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवण्याच्या धंद्यात रोज राबणं त्यात कुठेच बसत नाही. तुमच्या वडिलांना दवाखान्यात नेणं ही घरची मदत. खाडीवरचा जेट्टीचा दिवा दुरुस्त करणं, माडाला पाणी लावणं, तुमच्या घरच्या स्वयंपाकघरात भांडी घासणं, हेही घरचंच. पण पाहुणा ज्याच्यासाठी पैसे मोजतो ते काम त्याने केलं, तर ते धंद्याचं काम झालं. पैसे त्याच्या खिशात गेले की तुमच्या, याने फरक पडत नाही. पावाचंच घ्या. वडिलांसाठी भाजला तर घरचा, न्याहारीच्या ताटात गेला तर धंद्याचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण रेघ तिथेच आहे.

एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही. किनाऱ्यावर एक तरुण झोपड्या भाड्याने द्यायचा. त्याच्याबरोबर युरोपातली एक बाई राहायची, टुरिस्ट व्हिसावर, तीन हंगाम. शेजारच्या झोपडीवाल्याने निनावी अर्ज केला. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. बाई पडवीत बसून पाण्यात पोहायचे चष्मे एकेक करून गोड्या पाण्यात बुचकळत होती आणि दोरीवर वाळत घालत होती. कमरेला चाव्यांचा जुडगा. फळीवरची नोंदवही उघडली तर सगळं अक्षर तिचं: खोली क्रमांक, नाव, किती रात्री, किती पैसे मिळाले. जबाबात ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणाली, ‘मी एक पैसाही घेतलेला नाही.’ ते खरं होतं. मी तिला विचारलं, जेवण आणि राहणं? ती म्हणाली, ते तर घरच आहे माझं. तेही खरं होतं. पण कागदावर ते घर नव्हतं, त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि नोंदवही तिच्या अक्षरातली होती. तिला भारत सोडण्याची नोटीस निघाली. जाताना तिने तो जुडगा कमरेचा काढून खिळ्याला लावला. तो जबाब मी लिहिला, खाली सही माझी आहे. ते चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि ते मनातून जातही नाही. म्हणूनच तुम्हाला इतकं मोकळेपणाने लिहितोय.

तुमची बाजू तिच्यापेक्षा खूप भक्कम आहे. तुमचं लग्न नोंदवलेलं आहे आणि धंदा तुमच्या नावावर आहे. पण त्याच्या व्हिसावर अजून ‘पर्यटक’ लिहिलंय, आणि अडचण तिथेच आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट लागू झालाय. जुने चार कायदे त्याने मोडीत काढले. व्हिसाच्या अटी मोडणाऱ्याला त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तुमच्यासारख्या घरात पोलिस पहिल्याच भेटीत बेड्या घेऊन येत नाहीत. पण देश सोडायला सांगणं आणि पुढचा व्हिसा नाकारणं, एवढंही तुमच्या संसाराला पुरेसं आहे.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिलं, वेबसाइटवरचं खातं. ते या आठवड्यात तुमच्या नावावर, तुमच्या पॅनवर आणि तुमच्या इथल्या बँकेवर करा. धंदा देवबागला, मालकीण तुम्ही, आणि पैसा इंग्लंडातल्या त्याच्या खात्यात, हा व्हिसापेक्षा वेगळा आणि तितकाच अवघड गुंता आहे. आयकर आणि परकीय चलन, दोन्ही बाजूंनी. आतापर्यंत तिकडे जमा झालेल्या पैशाचं काय करायचं हे मालवणच्या किंवा कुडाळच्या एखाद्या चांगल्या सीएकडे बसून सोडवा. तो हिशेब मागे ठेवून पुढे जाऊ नका. यजमान म्हणून तिथे त्याचा फोटो असेल तर तो काढा आणि तुमचा लावा. स्टेशनवर घ्यायला गावातला रिक्षावाला सांगा. त्याच्या घरी चार पैसे जातील आणि वाडीत एक माणूस तुमच्या बाजूचा होईल. मेसेजना उत्तरं तुम्ही द्या. इंग्रजी अडलं तर रात्री जेवताना नवऱ्याला विचारा, पण टाइप तुम्ही करा.

दुसरं, व्हिसा. ई-टुरिस्ट व्हिसावर एका कॅलेंडर वर्षात १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि टुरिस्ट व्हिसावर असताना भारतात बसून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्जही करता येत नाही. तेव्हा हा हंगाम संपला की त्याने घरी जावं आणि तिथल्या भारतीय वकिलातीत भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून एंट्री व्हिसा मागावा. त्याला एक्स-२ म्हणतात. सोबत लग्नाचा दाखला, तुमच्या पासपोर्टची प्रत आणि तुमचं पत्र. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा मिळाला तर परत आल्यावर १४ दिवसांत नोंदणी करायची, तीही आता ऑनलाइन होते.

इथे एक नीट समजून घ्या, कारण लोक याच ठिकाणी फसतात. एक्स व्हिसाने राहण्याचा हक्क मिळतो, काम करण्याचा नाही. मग एम्प्लॉयमेंट व्हिसा का नाही, असं तुम्ही म्हणाल. त्याला वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे, आणि जे काम इथली माणसं करू शकतात त्यासाठी तो देत नाहीत. चार खोल्यांच्या घराला ते कसं झेपणार? बिझनेस व्हिसाही किरकोळ धंद्यासाठी मिळत नाही. एजंट काहीही सांगोत, या दोन्ही वाटांवर पैसे घालवू नका.

खरी वाट ओसीआयची. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ते मिळू शकतं, पण लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झालेली असावी लागतात. तुमच्या दाखल्याप्रमाणे ती फेब्रुवारी २०२७ मध्ये पुरी होतात. (तो स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक नव्हते ना, एवढं बघा, असतील तर ते मिळत नाही.) अर्जानंतर सुरक्षेची चौकशी होते, वेळ लागतो, धीर धरा. कार्ड हातात आलं की आर्थिक बाबतीत त्याला अनिवासी भारतीयाच्या बरोबरीने हक्क मिळतात. मग त्याने स्टेशनवर जावं, चाव्या द्याव्यात, पाव विकावा, तुम्ही त्याला पगारही द्या. शेतजमीन मात्र त्याला घेता येणार नाही, म्हणून वाडी वडिलांच्या आणि तुमच्याच नावावर राहू द्या.

माझं मत विचाराल तर, भारतीय माणसाशी लग्न केलेल्या जोडीदाराला काम करायची मुभा पहिल्या दिवसापासून असायला हवी. तुम्ही उद्या त्याची बायको म्हणून स्पाउस व्हिसावर इंग्लंडला गेलात, तर पोचल्या दिवशी तिथे नोकरी धरू शकता. त्याला तुमच्या देवबागला दोन वर्षं हात बांधून बसावं लागतं. अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ एच-४ व्हिसावर गेलेल्या आपल्या कितीतरी शिकल्या-सवरलेल्या मुली वर्षानुवर्षं घरात बसल्या. २०१५ पासून त्यातल्या काहींना, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीनकार्डाचं प्रकरण पुढे गेलंय त्यांना, कामाचा परवाना मिळू लागला. आपल्या मुलींसाठी ज्याची चीड येते, तेच आपण इथे दुसऱ्याच्या मुलासाठी ठेवलंय. पण हे मत माझं आहे, टेबलावर बसलेल्या माणसाचं नाही. त्याच्यासमोर जाताना नियमानेच जा.

शेजाऱ्याशी भांडू नका, आणि त्याने तक्रार केलीच तर कुणी विचारायला येईल तेव्हा खोटं बोलू नका. ‘तो माझा नवरा, घरात राहतो, धंदा मी चालवते’ एवढं खरं असलं की पुरतं. ते खरं असावं म्हणूनच वरचं सगळं आधी करायला सांगतोय. बांधाचा वाद भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशा काढून, मोजणी करून मिटवा.

प्रश्न: आमच्या रत्नागिरीजवळच्या होमस्टेत एक फ्रेंच मित्र दोन आठवडे येतोय. तो भिंती रंगवून देणार, आम्ही जेवण-राहणं फुकट देणार. हे टुरिस्ट व्हिसावर चालेल ना? स्वयंसेवा चालते असं ऐकलं.

उत्तर: स्वयंसेवा चालते, जास्तीत जास्त एक महिना, पण तिच्या बदल्यात काहीच मिळालेलं नसेल तर. ‘काहीच’ मध्ये पैसे तर आलेच, इतर मोबदलाही आला. तुम्ही रंगाच्या बदल्यात जेवण आणि खोली देताय, तेव्हा ती स्वयंसेवा राहिली नाही. मित्राला मित्र म्हणून बोलवा, त्याचा सी फॉर्म २४ तासांत भरा, आणि भिंती गावातल्या रंगाऱ्याकडून रंगवून घ्या.