त्रास नाही, मग रक्तदाब कशाला मोजायचा?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे आहेत. ‘मला काही होत नाही’ म्हणत रक्तदाब मोजूच देत नाहीत. कसं समजवावं?

उत्तर : वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही, म्हणून धोका खरा वाटत नाही. शिवाय पुष्कळांना आजारापेक्षा निदानाची धास्ती जास्त असते. घाबरवलंत तर ते आणखी टाळतील. घरीच यंत्रावर रक्तदाब मोजायला फक्त सात दिवस मागून घ्या. पाच मिनिटं शांत, पाठ टेकून बसवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. सकाळ-संध्याकाळ, दरवेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली, तर डॉक्टरांना दाखवा. दंडाला यंत्राचा पट्टा लहान पडला तर आकडा उगाच वाढतो, आणि ‘यंत्रच चुकीचं’ ही सबब त्यांना आयती मिळते. पट्टा आधी तपासा.