‘ही सगळी भाजी’ म्हणू नकोस

फोंडा, गोवा

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी तू ती पट्टी दाखवायला आलीस, पण घरात पाहुण्यांची एवढी वर्दळ की धड बोलणं झालंच नाही. नेवऱ्या हातावर ठेवून मी तुला वाटेला लावलं, याची रुखरुख राहिली. म्हणून हे पत्र.

कपाळावर बांधायची पट्टी, मेंदूच्या लहरी टिपणारे दोन इलेक्ट्रोड, मोबाईलवर 0 ते 100 असा ‘लक्ष’ सांगणारा आकडा. आणि आता तालुक्यातल्या दोन शाळांत पाचवी ते सातवीच्या मुलांवर चाचणी. तुझं काम स्वच्छ आहे, त्यात मला काही सुचवायचं नाही. मला बोलायचंय ते त्या आकड्याबद्दल, आणि तो ज्या मुलांच्या नावापुढे लागणार त्यांच्याबद्दल.

टाळूवर मिळणारा मेंदूचा सिग्नल दहा-वीस, फार तर पन्नास-शंभर मायक्रोव्होल्टचा. नुसती पापणी लवली तरी त्याहून कितीतरी मोठी लाट उठते. दात आवळले, कपाळाला आठी पडली, की स्नायूंचा गोंगाट सगळं झाकून टाकतो. तुझी पट्टी बसते नेमकी तिथेच. शिवाय डोळे मिटले की 8 ते 13 हर्ट्झच्या अल्फा लहरी, ज्या निवांतपणाची खूण मानतात, त्या वाढतात. म्हणजे डोळे मिटून कविता मन लावून ऐकणारं पोर तुझ्या सूत्राला सुस्तावलेलं वाटू शकतं. हे तुला कळतं, मला कळतं. वर्गातल्या बाईंना फक्त 38 दिसेल. चीनच्या झेजियांग प्रांतात 2019 साली एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला अशाच पट्ट्या बांधल्या होत्या, लक्ष आहे की नाही त्याप्रमाणे दिव्याचा रंग बदलायचा. चित्रफिती बाहेर आल्या, लोक खवळले आणि ते थांबवावं लागलं.

आपल्याकडचं उदाहरण याहून गंभीर आहे. 2008 साली पुण्याच्या एका न्यायालयाने खुनाच्या खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्यावरच्या तारांवरून म्हणे ‘अनुभवाची आठवण’ ओळखता येत होती. पुढे 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध अशा चाचण्या करता येणार नाहीत. पण बाय, मला छळतो तो त्याआधीचा टप्पा. यंत्राला जेवढं कळतं त्याहून जास्त कळतं असं कुणीतरी आधी बोललेलं असतं. बहुतेक वेळा ते बोलणारे आपणच असतो, संशोधक.

माझीच गोष्ट सांगते. तिशीत असताना एका अभ्यासासाठी आम्ही सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींची नोंद, घेत फिरत होतो. संमतीपत्र इंग्रजीत. एक म्हातारी सांगितल्याप्रमाणे डोक्याचं तेल धुऊन आली, अंगठा उठवला, अर्धा तास हूं की चूं न करता बसली. उठताना तिने विचारलं, “म्हजे तकलेंत कितें आसा तें तुमकां दिसलें?” (माझ्या डोक्यात काय आहे ते तुम्हाला दिसलं?) मी हसले, “काही नाही हो आजी” म्हणाले आणि तारा गुंडाळायला लागले. बाहेर जीपपाशी तिची सून भेटली. म्हणाली, सासूचा मुलगा आदल्या वर्षी गेला, आणि यंत्रात दिसेल या भीतीने ती पूर्ण वेळ त्याची आठवण दाबून बसली होती.

तिची नोंद आम्ही ‘जबड्याच्या स्नायूंचा गोंगाट’ म्हणून बाद केली होती.

त्या कागदावर अंगठा होता. संमती नव्हती. एवढी वर्षं झाली, तरी मला तिला दिलेलं ते हसणं आठवतं.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा तू शंभरदा पाहिला असशील. हात पसरलेला फारिया, समोर कोसळती बाई. बघणाऱ्याला वाटतं, शक्ती त्या हातांत आहे. कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये नेमकं उलट मांडलं होतं. मेस्मर या वैद्याचे अनुयायी माणसाला गुंगवणाऱ्या अदृश्य चुंबकी द्रवाच्या गोष्टी करत. फारिया म्हणत होता, माझ्या हातात काही नाही, ही निद्रा समोरच्याच्या स्वतःच्या मनातून येते. आपल्या क्षेत्रात ज्याचं नाव पहिल्यांदा घ्यावं असा हा गोंयकार मला वाटतो, कारण त्याने जादू स्वतःकडे घेतली नाही.

त्याची दुसरी गोष्ट तर आपल्याकडे घरोघरी सांगतात. लिस्बनला राणीपुढे प्रवचन करताना त्याची बोबडी वळली, तेव्हा बापाने खालून पुटपुटलं, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” म्हणजे समोरची माणसं भाजी समज आणि बिनधास्त कापत जा. सभेची भीती घालवायला हा मंत्र चांगलाच. शनिवारच्या सादरीकरणाआधी तूही म्हण. पण शाळेच्या त्या वर्गात पाऊल टाकताना हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेव. पोरांना ‘सब्जेक्ट’, ‘सॅम्पल’ म्हणायची सवय लागली की भाजी व्हायला वेळ लागत नाही.

त्याच लिस्बनमध्ये 1935 साली एगास मोनिझ यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पहिले रुग्ण 20, पाठपुरावा फार थोड्या दिवसांचा. 1949 मध्ये नोबेल मिळालं. अलीकडचं सांगू? सेकंड साईट या कंपनीचं कृत्रिम दृष्टिपटल जगात 350हून अधिक लोकांनी डोळ्यात बसवून घेतलं. 2019 मध्ये कंपनीने ते बनवणं बंद केलं, आणि डोळ्यात यंत्र असलेली माणसं दुरुस्तीवाचून राहिली. तुझी पट्टी काढून ठेवता येते, हे खरं. पण तिने गोळा केलेला डेटा? तुमचं स्टार्टअप दोन वर्षांत मिटलं तर तो कुणाच्या हातात जाईल, हे तुझ्या प्रस्तावात कुठेच नाही. चिलीने 2021 मध्ये मेंदूच्या माहितीचं रक्षण थेट राज्यघटनेत घातलं, आणि 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला. तुमच्याकडे पुसण्याचं बटण आहे का, आणि ते मुलाच्या आईला दाबता येतं का?

नियमांची यादी मी देत बसत नाही, संशोधनाची नीती तपासणारी एथिक्स कमिटी देईलच. एवढंच लक्षात घे: आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही लागतो. 7 ते 12 वयाला तोंडी, त्यापुढे 18 पर्यंत लेखी. आणि मूल नको म्हणालं तर ते नको. मुख्याध्यापकांची सही त्याच्या जागी चालत नाही.

माझं ऐकशील तर शाळांचं काम दोन महिने पुढे ढकल. आधी पट्टी स्वतःच्या कपाळाला बांध, भुवया उडव, दात आवळ, डोळे मिट आणि आकडा कसा नाचतो ते लिहून काढ. ते पान पालकसभेत सगळ्यांसमोर वाच. मोबाईलवरचं ‘लक्ष’ हे नावही बदल; तू ते मोजत नाहीस.

रविवारी सकाळी ये. संमतीपत्र मराठीत आणि कोंकणीत लिहून आण, एक पान, मोठ्या अक्षरात. शेजारच्या आजींना बोलावून ठेवते. तू वाचून दाखव, आणि त्या जे विचारतील ते लिहून घे.

तुझी,
मॅडम