दोन दिवसांसाठी घरी जाऊ नकोस

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेवटच्या सत्राची परीक्षा संपली, निकाल जूनमध्ये लागेल आणि जुलैत पुण्यातच नोकरीवर रुजू व्हायचे आहे, हे तू फोनवर सांगितलेस तेव्हा बारावीच्या वर्गात उदाहरण सुटेपर्यंत मान वर न करणारी तू डोळ्यांसमोर उभी राहिलीस. फार आनंद झाला. पण त्याच बोलण्यात "मधे दोन दिवस घरी जाऊन येते" असे तू सहज म्हणालीस, ते मनात अडकून राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दोन दिवसांसाठी जाऊ नकोस. निदान पंधरा दिवस जा, आणि जमल्यास मृग लागण्याच्या आधी पोहोचून पेरणी उरकेपर्यंत राहा.

आपल्या मराठवाड्यात पदवीचे दिवस आणि पेरणीचे दिवस एकाच वेळी येतात. विद्यापीठांचे निकाल मे अखेरीपासून जुलैपर्यंत लागत राहतात आणि मृग नक्षत्र 7-8 जूनला निघते, त्यामुळे ज्या पंधरवड्यात तुला पेढे वाटावेसे वाटतात त्याच पंधरवड्यात तुझ्या वडिलांचा खिसा वर्षातला सर्वांत रिकामा असतो. सोयाबीनला एकरी 30 किलोच्या आसपास बियाणे लागते, त्यावर खताची पोती, नांगरटीचे आणि वखराच्या पाळीचे भाडे, आणि सोसायटीच्या पीककर्जाचे नवे-जुने करण्यासाठी, म्हणजे जुने भरून नवे उचलण्यासाठी, चार जणांकडून उसने आणलेले पैसे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असा सल्ला परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी देते. तरी शेजाऱ्याची तिफण चालू झाली की माणसाचा धीर सुटतो, आणि मधे उघडीप पडली तर दुबार पेरणीचा खर्च बसतो. अशा दिवसांत मुलगी पदवी घेऊन घरी आली की बाप तिच्यासमोर पैशाचा शब्द काढत नाही. तो हसतो, पेढे आणतो आणि रात्री उशिरापर्यंत अंगणातल्या बाजेवर जागा राहतो.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण माझ्या हातून ही चूक झाली आहे. आमच्या आधीच्या पिढीला पदवीसाठी हैदराबादला, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठात जावे लागे. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये झाले म्हणून माझ्यासारखा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा औरंगाबादेत शिकू शकला. 1979 साली मी पदवीधर झालो आणि निकाल घेऊन घरी दोनच दिवस राहिलो, कारण मित्रांबरोबर पुढच्या प्रवेशाची धावपळ करायची होती. आईने येसरची आमटी केली, भाकरी वाढली, दृष्ट काढली. तिचे हात त्या दोन दिवसांत कितीतरी वेळा माझ्यासमोर आले असतील, पण ते मोकळे होते हे मला दिसले नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडतानाही तिने हातातले चांदीचे गोट काढले नव्हते. ते माझ्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी आणि खोलीभाड्यासाठी मोडले गेले होते. ही गोष्ट मला आई गेल्यानंतर, तेराव्याच्या दिवशी, आत्याने सांगितली. तोपर्यंत मला नोकरी लागून बरीच वर्षे झाली होती आणि असे दोन गोट मी एका पगारात घेऊ शकलो असतो.

म्हणून तू निकाल सांगायला जाऊ नकोस. निकाल फोनवरही सांगता येतो. आपल्या शिक्षणासाठी घराने काय काय केले ते समजून घ्यायला जा. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले, त्याचा तुझ्या घराला आधार झालाच असेल. पण त्याआधीची फी, पुण्यातली मेस, खोलीभाडे, लॅपटॉप आणि दर दिवाळीचा प्रवास यांना कुठली माफी नव्हती.

विचारायचे कसे, हेही महत्त्वाचे आहे. "बाबा, कर्ज किती आहे?" असे बैठकीत, चार माणसांसमोर विचारलेस तर "तू नको काळजी करू" यापलीकडे उत्तर येणार नाही. वडिलांबरोबर सकाळी शेतात जा, धसकटे वेचू लाग आणि काम करता करता यंदा बियाणे कुठून घ्यायचे, बटाईने दिलेला तुकडा परत कधी येणार, असे विचार; शेतात माणूस शेताबद्दल बोलतो आणि तिथूनच बाकीचे निघते. सात-बारा आता मोबाइलवर दिसतो आणि त्याच्या इतर अधिकारांच्या रकान्यात बँकेचा बोजा लिहिलेला असतो, पण तो स्वतः काढून त्यांच्यापुढे धरू नकोस. त्यांना दाखवू दे. आईकडे बसायची वेळ पहाटेची. पाऊस यायच्या आत राहिलेल्या कुरडया-पापड्या घालून घ्यायची तिची घाई असेल, तेव्हा चिकाच्या पातेल्याजवळ बस. आणि धाकट्या भावाला विसरू नकोस. घरात एक जण बाहेर शिकत असताना दुसऱ्याने काय मागायचे टाळले, हे बहुधा कोणीच विचारत नाही.

सगळे कळल्यावर लगेच वचने देत सुटू नकोस. गाव तुला "पॅकेज किती?" असे विचारेल, वर्षाचे सहा लाख म्हटले की ऐकणारे महिन्याचे पन्नास हजार धरतात, आणि भविष्यनिर्वाह निधी, कर, खोलीभाडे, मेस वजा जाऊन उरते ते फार वेगळे असते. वडिलांना तो खरा आकडा कागदावर मांडून दाखव. तुझ्या नावावर शैक्षणिक कर्ज असेल तर अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता मागितला जात नाही, मात्र व्याज त्या काळातही चढत असते, हेही त्याच कागदावर लिही. मग जे निभेल तेवढेच सांग. महिन्याला पाच हजार सांगून पाच हजारच पाठवलेस तर घर त्यावर विसंबून बेत आखू शकते. वीस सांगून तीन महिन्यांत थांबलीस तर त्यांना पुन्हा उसनवारीला जावे लागेल.

स्थळांचा विषय निघेल, कारण मुलगी शिकून आली की मावश्या-आत्यांना तोच सुचतो. त्यावर रागावू नकोस, पण तुला किती वर्षे नोकरी करायची आहे ते पाहुणे येण्याआधी आईवडिलांना एकटे गाठून स्पष्ट सांग. घरच्यांना आधी माहीत असले की बाहेरच्यांना उत्तर तेच देतात.

आणखी एक. पदवीप्रदान समारंभ निकालानंतर काही महिन्यांनी होतो आणि तोपर्यंत नोकरीत गुंतलेली मुले प्रमाणपत्र टपालाने मागवून मोकळी होतात. तू तसे करू नकोस. तारीख जाहीर झाली की आईवडिलांची तिकिटे काढ. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते. ज्या वर्गखोल्यांसाठी त्यांनी चार वर्षे पैसे पाठवले त्या त्यांनी एकदाही पाहिलेल्या नाहीत. वडील म्हणतील, रब्बीची पेरणी आहे, तूर राखायची आहे, तुम्ही मायलेकी जा. तेव्हा भावाला दोन दिवस शेतावर थांबायला आधीच राजी करून ठेव.

पुण्याची गाडी परभणीला पहाटे पोहोचत असेल तर जिंतूरची एस.टी. मिळेपर्यंत स्थानकावर बसू नकोस. आमच्याकडे ये, चहा घे आणि उजाडल्यावर पुढे जा. तुझ्या आईसाठी आमच्या घरून घरच्या केसर आंब्यांची एक पाटी न्यायची आहे, तेव्हा सामान जरा कमी आण.

तुझे,
सर