एखाद्याला बळजबरीने बाहेर काढण्यासाठी इंग्रजीत नेमका कोणता शब्द वापरावा?

सर्वत्र चालेल असा एकच शब्द सांगता येणार नाही, कारण माणसाला कुठून, कोणी आणि कोणत्या अधिकाराने बाहेर काढले, यावर इंग्रजीतील निवड ठरते. भाडेकरूला घरातून किंवा जागेतून कायदेशीर मार्गाने काढले तर ‘इव्हिक्ट’, विद्यार्थ्याला शाळेतून किंवा सदस्याला पक्षातून काढले तर ‘एक्स्पेल’ आणि सत्ताधाऱ्याला पदावरून हटवले तर ‘आउस्ट’ हे शब्द योग्य ठरतात.

सर्वाधिक गोंधळ ‘डिपोर्ट’ आणि ‘एक्झाइल’ यांत होतो, म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. आज ‘डिपोर्ट’ हा शब्द प्रामुख्याने परदेशी नागरिकाला सरकारने देशाबाहेर पाठवण्यासाठी वापरतात. मात्र जुन्या कागदपत्रांत तो व्यापक अर्थाने येतो, आणि म्हणूनच 1907 मध्ये लाला लजपत राय यांना मंडालेला पाठवले गेले त्याचा उल्लेख ‘डिपोर्ट’ असाच आढळतो. ‘एक्झाइल’मध्ये स्वदेशापासून दीर्घकाळ दूर राहणे अभिप्रेत असते: ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1885 मध्ये ‘आउस्ट’ झाला आणि त्यानंतर 1916 मध्ये मृत्यू होईपर्यंत रत्नागिरीत ‘एक्झाइल’मध्ये राहिला.

बोलताना ‘किक आउट’ किंवा ‘थ्रो आउट’ चालते, परंतु माझ्या मते अर्जात वा कायदेशीर पत्रात ते कटाक्षाने टाळावे. उघडपणे न काढता, दबाव आणून राजीनामा द्यायला लावला असेल, तर ‘फोर्स आउट’ म्हणावे.