आजारी माणसालाही घरातले काम द्या

२०२१ चा जून निम्मा सरला, पावसाने जोर धरला, तरी कोल्हापुरातील कोरोनाच्या रुग्णांचे आकडे अजून म्हणावे तसे उतरलेले नाहीत. त्यामुळे या खेपेच्या बहुतेक पत्रांत गृहविलगीकरणाचाच विषय आहे. त्यांपैकी तीन पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांच्या ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. औषधांविषयीचे प्रश्न आपापल्या डॉक्टरांनाच विचारावेत.

प्रश्न : ताई, आम्ही शिवाजी पेठेतील जुन्या घरात राहतो. पुढे सोपा, मध्ये माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परड्याकडे उघडणारी एक खोली एवढीच जागा आहे. माझ्या पतींची आरटीपीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली. त्रास सौम्य असल्याने डॉक्टरांनी त्यांना घरीच वेगळे राहण्यास सांगितले असून आज सहावा दिवस आहे. घरात ७२ वर्षांच्या सासूबाई, ११ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा आहे. पती दिवसभर मागच्या खोलीत मोबाईल पाहत पडून असतात, चहाला पाच मिनिटे उशीर झाला तरी चिडतात आणि रात्री झोप येत नाही म्हणून मला फोन लावतात. मुलगा दाराशी जाऊन रडतो. आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, एकच पालुपद आहे की, ‘लेकाला एकदा तरी डोळे भरून बघू दे.’ अशा काळात कुटुंब जवळ येते, असे फोनवर प्रत्येक जण सांगतो; आमच्याकडे मात्र उलटेच चालले आहे आणि त्याचा दोष मी स्वतःलाच देते. काय करावे?

उत्तर : जवळ येण्याचा सल्ला देणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरात पाच माणसांना मिळून एकच न्हाणीघर आहे, हे मला एकदा विचारायचे आहे. तुम्ही अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. आजारी माणसाची शुश्रूषा, म्हाताऱ्या माणसाची काळजी, दोन मुलांच्या ऑनलाइन शाळा आणि तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक हे सगळे एकीवर पडले, तर तिचा जीव मेटाकुटीला येणारच.

आधी जिवाचे पाहू, कारण ते निश्चित असल्याशिवाय मनाला स्वस्थता येत नाही. ऑक्सिमीटरचे आकडे दिवसातून ठरलेल्या वेळी घ्यावेत आणि ते वहीत लिहावेत. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल, तर आकडा चुकू शकतो, म्हणून हात चोळून, दोन मिनिटे शांत बसून मग बोट लावावे. आकडा ९४ च्या खाली गेला, श्वास लागला, छातीत दाब वाटला, बोलण्यात भ्रम जाणवला किंवा ताप हटेनासा झाला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. तुम्ही आणि पती समोरासमोर येता तेव्हा दोघांच्याही तोंडावर मास्क हवा, आणि तो ओला किंवा मळका झाला की लगेच बदलावा. परड्याकडची खिडकी पाऊस असला तरी शक्य तितकी उघडी ठेवावी. न्हाणीघर पतींनी सर्वांच्या शेवटी वापरावे, खिडकी उघडी ठेवून काही वेळ जाऊ द्यावा आणि मग ते धुऊन घ्यावे. लक्षणे सुरू झाल्यापासून किमान १० दिवस आणि त्यांतले शेवटचे ३ दिवस तापाविना, असा २०२१ मधला नियम होता. म्हणजे तुमचा अर्ध्याहून अधिक रस्ता सरला आहे. जाता जाता एक सांगते. दिवसातून सहा वेळा वाफ आणि आठ वेळा काढा यांनी विषाणू मरत नाही, पोटात जळजळ मात्र होते, आणि वाफेच्या उकळत्या पाण्याने लहान मुले भाजल्याच्या बातम्या आपण वाचतोच आहोत. पाच वर्षांच्या मुलाच्या घरात ते पातेले जमिनीवर ठेवू नये.

आता तुमच्या पतींच्या चिडण्याविषयी. मला वाटते, ते चहासाठी चिडत नाहीत. परवापर्यंत ज्या माणसाला घरातले दहा निर्णय घ्यावे लागत होते, त्याच्याकडे आता एकही उरलेला नाही. ताट बाहेरून येते, औषध बाहेरून येते, बातमीही बाहेरूनच येते. त्याने फक्त घ्यायचे आणि पडून राहायचे. अशा माणसाला स्वतःचे ओझे वाटू लागते, आणि ते बोलता येत नाही म्हणून तो चहावर बोलतो. यावर माझा उपाय साधा आहे. ताप उतरला असेल आणि अंगात त्राण असेल, तर त्यांना घरातले काम द्या. विजेचे बिल भरणे, किराण्याची यादी करून दुकानदाराला फोन करणे, भाजीवाला कोणत्या दिवशी येणार ते विचारणे, आत्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या का ते पाहून औषधाच्या दुकानात सांगणे, ही सगळी कामे पलंगावरून होतात. मुलीचे गणित रोज अर्धा तास फोनवर त्यांनीच घ्यावे. सकाळी सगळ्यांना फोन करून उठवण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे द्या. झोपमोड झाल्याबद्दल मुले बापावर ओरडली, तर त्यासारखे औषध नाही. काम खरेच असले पाहिजे, करमणुकीसाठी दिलेले नको. बिल त्यांनी भरले नाही तर ते राहिले पाहिजे, इतके खरे.

आपल्या शहराला वेगळे राहणे काही नवे नाही. १८९७ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत, राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, येथील लोक वस्ती सोडून माळावर आणि शेतांत झोपड्या घालून राहत. माझ्या आजीने तिच्या सासूकडून ऐकलेल्या त्या दिवसांच्या गोष्टींत मरणाची भीती होतीच, पण त्याहून अधिक वेळ ती पाण्याच्या पाळ्या, सारवण, शेण्या थापणे आणि रात्रीची राखण यांचेच वर्णन करीत असे. म्हाताऱ्या माणसाला राखणीला बसवत आणि पोरांना सरपणाला धाडत, असे ती सांगे. लहानपणी मला ती गोष्ट कंटाळवाणी वाटायची. आता तिच्यात कोणीच रिकामे कसे नव्हते, हे लक्षात येते.

आत्यांची मागणी तुम्ही पुरी करू शकता. पावसाने उघडीप दिली की त्यांची खुर्ची परड्यात, खिडकीपासून चांगली दोन मीटर दूर मांडावी. पतींनी मास्क लावून खिडकीच्या आत बसावे, आत्यांनीही मास्क लावावा आणि दहा-पंधरा मिनिटे बोलणे करावे. बंद माजघरात दार किलकिले करून बोलण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, कारण हा विषाणू कोंडलेल्या हवेत अधिक पसरतो. त्यांना लेकाची दृष्ट काढायची असेल, तर तेवढ्याच अंतरावरून काढू द्या. मीठ-मोहऱ्यांनी ताप उतरतो की नाही, हा वाद त्या दिवशी घालू नये.

मुलाला ‘बाबांना बाऊ झाला आहे, तिकडे जायचे नाही’ एवढेच सांगितले असेल, तर तो रडणारच, कारण बाबांनी आपल्याला टाकले असा त्याचा समज होतो. त्याला बोटांवर मोजता येतील असे दिवस सांगा आणि भिंतीवर तितक्या रेघा ओढून रोज संध्याकाळी एक त्याच्याच हाताने खोडायला लावा. बैलांचा सण बेंदूर तोंडावर आला आहे. त्याला मातीचे बैल करायला बसवावे आणि बैलाची शिंगे नीट झाली की नाही, हे खिडकीतून बाबांनी सांगावे. एका बैलजोडीत दोन दिवस सहज जातात.

रात्रीच्या फोनला मात्र मर्यादा घाला. साडेनऊला एकदा बोलावे, त्यानंतर फक्त त्रास झाला तरच फोन करावा, असे उजेडीच ठरवून घ्या; रात्री ठरवायला गेलात तर भांडण होईल. पतींनी झोपण्यापूर्वी तासभर मोबाईलवरच्या बातम्या आणि गटांवर फिरणारे निरोप बंद करावेत. झोप येत नसेल, तर श्वास नेहमीसारखा घेऊन तो घेतल्यापेक्षा थोडा अधिक वेळ लावून हळूहळू सोडत राहावे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आणि त्यानेच शरीर सैल पडते. श्वास रोखून धरण्याचे किंवा जोरजोरात सोडण्याचे प्रकार या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आणि तुम्ही? रोज अर्धा तास तुम्ही कोणाच्याही हाकेला ओ देणार नाही, असे घरात जाहीर करा. त्या वेळात मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम आत्यांचे आणि फोन उचलण्याचे काम पतींचे. तुम्ही तो वेळ झोपेत घालवलात, तरी तो वाया गेला असे समजू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. सोबत राहणारा मित्र पॉझिटिव्ह निघाल्याचे मला कोल्हापुरात घरी आल्यावर कळले, म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी एकटा राहत आहे. मला काहीही त्रास नाही. आईशी फोनवर बोलणे होते, परंतु वडील कधीच बोलत नाहीत. रोज रात्री ते जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत येतात, थोडा वेळ थांबतात आणि परत जातात. मला त्यांच्याशी बोलावेसे वाटते, पण काय बोलावे ते सुचत नाही.

उत्तर : तुमचे वडील रोज बोलत आहेत; फक्त ते पायरीवर उभे राहून बोलतात. आपल्याकडच्या त्या पिढीतील पुरुषांना ‘तू बरा आहेस ना’ हे वाक्य जड जाते, त्याऐवजी ते जिन्याखालचा दिवा लागतो की नाही ते पाहतात. त्यांच्याकडून मायेचे शब्द काढण्याचा प्रयत्न करू नका, दोघांचीही कुचंबणा होईल. त्यांना जे पक्के ठाऊक आहे, तेच विचारा.

सध्या पाऊस आहे, म्हणजे विषय आयताच मिळाला आहे. राजाराम बंधाऱ्यावर आज पंचगंगा किती फुटांवर आहे, हे वडिलांना विचारा. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापूरच्या बहुतेक माणसांना पाठ असते, पण २००५ च्या पुरात आपल्या घरापासून पाणी किती लांब होते आणि २०१९ मध्ये ते कोठवर आले, हे तुमच्या वडिलांच्याच तोंडून ऐकावे. पुराच्या वेळी कोल्हापुरात म्हणतात ती ‘मच्छिंद्री’ झाली म्हणजे नेमके काय झाले, असे विचारलेत, तर त्यांना शिवाजी पुलावरून सुरुवात करून बराच वेळ बोलावे लागेल. त्यांना तालमीचे किंवा फुटबॉलचे वेड असेल, तर शाहू स्टेडियमवरच्या जुन्या सामन्यांचा विषय त्याहूनही लांबेल.

त्यांनी जिन्याखाली मास्क लावून उभे राहावे आणि तुम्ही वरून फोनवर बोलावे. समोर दिसत असताना फोनवर बोलणे पहिल्या दिवशी दोघांनाही चमत्कारिक वाटेल. त्याखेरीज, वर बसून तुम्हालाही घरचे एखादे काम करता येईल. वडिलांची बँकेची किंवा पेन्शनची कामे आता मोबाईलवर होत असतील आणि ती त्यांना जमत नसतील, तर ती एकदा करून देण्यापेक्षा रोज थोडी थोडी शिकवा. शिकवताना आवाज चढला, तर तो खोलीतल्या एकटेपणाचा आहे असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा.

प्रश्न : माझे वय ५४ आहे. लोक मरत असताना मला या बंद दिवसांत बरे वाटते, याची लाज वाटते. दोन्ही मुले, सुना आणि नातवंडे कित्येक वर्षांनी एका पंगतीला जेवतात. जोतिबाची चैत्र यात्रा सलग दोन वर्षे भरली नाही, त्यामुळे पाहुण्यांची वर्दळही नाही. हे सुख मानणे पाप आहे का?

उत्तर : पाप मुळीच नाही. शेजारच्या घरात दुःख असताना आपल्या घरात दिवा लावला, तर त्याने शेजाऱ्याचे काही हिरावले जात नाही. त्याच्या घरी पिठले-भाकरीचा डबा पोचला की नाही, एवढे पाहावे.

मला वेगळीच शंका आहे, आणि ती स्पष्ट विचारते. ही पंगत वाढते कोण, आणि शेवटी जेवते कोण? आपल्याकडे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण म्हटले की वाटण, मटण, भाकरी यांत बायकांची सकाळ संपते; पुरुष ‘आज घरात काय मजा आली’ म्हणत हात धुतात. तुमच्या सुनांपैकी एखादी घरूनच नोकरीही करीत असेल, तर तिला हे दिवस तुमच्याइतकेच गोड वाटतात, असे गृहीत धरू नका. तिला विचारा, पण तिच्या नवऱ्यासमोर नको आणि जेवताना तर नकोच. दुपारी दोघीच असताना विचारा. उत्तर मिळेपर्यंत भाकरी भाजण्याचे काम एका मुलाकडे आणि भांड्यांचे दुसऱ्याकडे द्या. भाकऱ्या पहिले चार दिवस जाड आणि वाकड्या होतील. त्या सगळ्यांनी मुकाट्याने खाव्यात, तुम्हीही.