पहिल्या पावसात ओहोळातले मासे मरतात: चुना टाकण्याआधी पाणी तपासा

प्रश्न: आरेत पाड्यावर आमचा भाजीचा मळा आहे, बाजूने ओहोळ जातो. पहिला मोठा पाऊस झाला की मासे मरून वर येतात. हा आम्लपाऊस असेल का? ओहोळात चुना टाकू का?

उत्तर: दादा, चुना आत्ता टाकू नका. कारण सांगतो.

कोळसा, डिझेल जळून निघालेले गंधकाचे आणि नत्राचे वायू पावसात मिसळले की आम्लपाऊस होतो. स्वच्छ पावसाचाही सामू (म्हणजे पीएच; ७ च्या खाली जितका कमी, तितकं पाणी आम्ल) ५.६ च्या आसपास असतोच. नॉर्वे-स्वीडनमधली कित्येक तळी आम्लपावसाने माशांविना ओस पडली, कारण तिथल्या ग्रॅनाइटला आम्ल मारता येत नाही. आपला काळा पाषाण झिजताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडतो आणि आम्ल बरंचसं तिथेच मरतं. एका पावसाने तुमच्या ओहोळाचा सामू कोसळेल, असं मला वाटत नाही.

माझा संशय प्राणवायूवर आहे. उन्हाळाभर साचलेलं तबेल्यांचं शेण, गटाराची घाण, पालापाचोळा पहिल्या लोंढ्याबरोबर ओहोळात उतरतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. पहाटे जाऊन बघा. मासे वर येऊन आ वासत असतील, पाणी काळपट आणि वास मारणारं असेल, तर हेच. आम्लाने मेलेल्या माशाच्या कल्ल्यांवर शेंबडासारखा थर दिसतो; आम्ल पाण्यात मातीतलं ॲल्युमिनियम सुटतं आणि कल्ल्यांवर बसतं. पाणी मात्र नितळ असू शकतं.

आता चुन्याचं. शेणा-मुताच्या पाण्यात अमोनिया असतो. चुन्याने सामू चढला की त्यातला जास्त भाग विषारी रूपात जातो आणि वाचलेले मासेही मरतात.

शोभेच्या माशांच्या दुकानात सामू मोजायच्या पट्ट्या मिळतात. बाटली ओहोळाच्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि लगेच मोजा, एकदा पहाटे, एकदा दुपारी तीनला. ६.५ ते ८.५ असेल तर आम्लाची भीती नाही. ५ च्या आसपास उतरला तर मात्र गंभीर आहे, कारण एवढ्या आम्लात बहुतेक माशांची अंडी फुटत नाहीत. चढणीचे मासे याच दिवसांत गाभोळीने भरून वर येतात, म्हणून मला या पहिल्या पंधरवड्याची जास्त काळजी वाटते.

तोवर तबेलेवाल्यांशी बोलून शेणाचा ढीग पावसाआधी ओहोळाच्या काठावरून हलवा. मेलेले मासे खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. दोन्ही वेळचे आकडे लिहून आमच्या कार्यालयात आणा.