उजव्या हाताने काम करतो, मग पांढरी डाव्याची बोटं का?

प्रश्न : मी पाटण तालुक्यातला, वय ३८. अकरा वर्षं झाली चेनसॉवर झाडं तोडतोय. दोन वर्षांपासून थंडीत सकाळी गाडीवर निघालो की डाव्या हाताची दोन बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळसर, आणि शेकल्यावर लाल होऊन ठणकतात. रात्री मुंग्यांनी जाग येते, शर्टाचं बटण लागत नाही. ताकदीच्या गोळ्या घेतल्या, काही फरक नाही. घरचे म्हणतात रक्त कमी आहे.

उत्तर : रक्त कमी असतं तर एकाच हाताची दोन बोटं कशाला धरली असती? तुमचा डावा हात दिवसभर पुढच्या हँडलवर असतो, मशीनचा थरकाप तोच जास्त खातो, म्हणून चेनसॉवाल्यांचा पुष्कळदा डावाच हात आधी बोलायला लागतो. वर्षानुवर्षं हादरे बसून बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, मग जरा गार लागलं की वाहिन्या आवळतात आणि बोट पांढरं. विडी-सिगारेट असेल तर ती आजच बंद, तिनेही वाहिन्या आवळतातच.

युरोपात २००२ च्या नियमाने आठ तासांच्या हिशेबात थरकाप २.५ च्या वर गेला की मालकाला उपाय करावे लागतात आणि ५ च्या वर जाऊच द्यायचा नाही (एकक मीटर प्रति सेकंद वर्ग). आता बघा, मशीनचा थरकाप ५ असेल तर दोन तासांतच तुमचा २.५ चा कोटा संपला, आणि आपल्याकडे माणूस सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालवतो!

बोथट चेन आधी बदला किंवा घासा, बोथट असली की आपण दाबतो आणि हादरा वाढतो. इंजिन आणि हँडलमधले रबर झिजले असतील तर नवे टाका, किरकोळ खर्च आहे. पकड पक्की हवी पण आवळून नको, आणि जोडीदाराबरोबर आलटून पालटून चालवा. हातमोजे घाला, पण ते ऊब देतात, थरकाप फारसा अडवत नाहीत, दुकानदार काहीही सांगू दे.

लवकर थांबलात तर पांढरं पडणं कमी होऊ शकतं, नसांचं मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही, म्हणून बटण लागत नाही हे मला जास्त खटकतंय. मनगटात नस दाबली जातेय का तेही तपासून घ्या. डॉक्टरांना काम काय करता हे आधी सांगा, आणि बोटं पांढरी पडली की तिथेच मोबाईलवर फोटो काढा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ती परत गुलाबी झालेली असतात.